मागच्या दाराची तार

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पुढील पानांत एका सेवानिवृत्त अँब्युलन्सच्या डोक्यावरचा दिवा उतरवला जाईल, तिचा भोंगा काढून घेतला जाईल, तिला नवे कपडे शिवले जातील आणि वयाच्या मानाने फारच उशिरा तिला शाळेत घातले जाईल. या कामी कुणाची हरकत असल्यास त्यांनी ती आत्ताच नोंदवावी. माझ्या मायची हरकत होती आणि तिने ती नोंदवलीही होती. खरं सांगायचं तर हे सगळं प्रकरण त्या एका हरकतीचंच आहे. बाकी रंगरंगोटी माझी.

आम्ही सुरतेजवळ भेस्तानला राहत होतो. पत्र्याच्या घरांच्या समोरासमोर दोन रांगा आणि मधे एक टेम्पो जेमतेम वळेल एवढं अंगण, एवढ्या ऐवजाला आम्ही मोठ्या ऐटीत सोसायटी म्हणत होतो. घरं सगळी खान्देशातली. आबा, म्हणजे माझे वडील, लूमच्या खात्यात फिटर होते, तिथल्या भाषेत मास्तर. सुरतेत मागांच्या शेडला खातं म्हणतात, आणि खात्यात शंभर माग एकदम सुरू असले की शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. मूठ वर केली की थांबव. अंगठा ओठाला लावला की चहा. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की ताण्याचा धागा तुटलाय. आबांनी ही भाषा घरी आणली होती. कळण्याची भाकरी ताटात पडली की ते दोन बोटं चिमटीसारखी करायचे, म्हणजे ठेचा. माय मान तिरकी करायची, म्हणजे संपला. अख्खी संध्याकाळ दोघं अशी एका शब्दाविना पार पाडायची आणि मला वाटायचं, सगळ्यांचे आईबाप असेच असतात. रविवारी दुपारी वीज गेली आणि आसपासची खाती थांबली की जी शांतता पडायची तिची मला भीती वाटायची. तेव्हा सगळी सोसायटी दबक्या आवाजात बोलायला लागायची, जणू कुणीतरी निजलंय.

पूर्वी असं नव्हतं, हे मला फार नंतर कळलं. पूर्वी माय बोलायची, भरपूर बोलायची, म्हणे नळावर तिचा आवाज आला की बायका घागरी खाली ठेवून ऐकत बसायच्या. मग माझी मोठी बहीण वंदी गेली. तापाने गेली, दोन दिवसांत. मी त्या वेळी दहा वर्षांची, अमळनेरकडच्या आमच्या गावी आजीकडे होते. मला परत आणलं तेव्हा घरात एक खाट कमी होती आणि तिच्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. मीही विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं. पण आमच्या घरात प्रश्नाला हाताची खूण नव्हती.

चार वर्षं गेली आणि मी आठवी पास झाले. आठवीपर्यंतची मराठी शाळा घरामागेच होती, नववीची मात्र उधन्याला, हायवेच्या आणि रेल्वे फाटकाच्या पलीकडे. आमच्या सोसायटीतल्या मुली आठवीनंतर शाळेत जात नसत. तसा कुणी नियम केलेला नव्हता, फक्त मुलींना रोज तिथवर नेऊन सोडणारं कुणी नव्हतं, आणि खात्यांची पाळी सुटल्यावर नाक्यावर जी गर्दी उसळते तिच्यातून एकटीदुकटी पोर पाठवायला कुठल्याच मायचं काळीज होत नव्हतं. त्या वर्षी आम्ही आठजणी होतो. आबांनी उधन्याला जाऊन आमची नावं पटावर घातली. शाळेच्या हेडबाई जळगावकडच्या होत्या. त्या म्हणाल्या, "कानबाईच्या सोमवारपर्यंत नावं ठेवते. त्यानंतर मला कापावीच लागतील." कानबाई आमची खान्देशातली देवी, श्रावणात एका रविवारी ती घरी येते आणि सोमवारी तिला तापीवर पोचवतात. म्हणजे माझ्या शिक्षणाची मुदत देवीच्या मुक्कामावर ठरली. तोवर मी घरी मायशेजारी बसून साड्यांवर खडे चिकटवत होते, आणि नवापूरच्या आत्याने "एक पोऱ्या देखी ठेयेल शे" असा निरोप पाठवला होता. ती पोऱ्या फक्त पाहून ठेवणारी बाई नव्हती. तिने पाहिलेल्या पोऱ्यांची आजवर सगळी लग्नं लागली होती.

अशा वेळी एका ट्रस्टच्या दवाखान्याने आपली जुनी अँब्युलन्स भंगारात काढली आणि आमच्या मंडळाला देऊ केली. मंडळाच्या पुरुषांची बैठक बसली. बहुमत असं, की गणपतीची आरास ठेवायला पत्र्याची खोली आयतीच मिळतेय, घेऊन टाकावी. आबा बैठकीत कधी बोलत नसत. त्या दिवशी ते उभे राहिले आणि सवयीने त्यांनी आधी मूठ वर केली. सगळे थांबले. मग ते म्हणाले, "मी तिले चालू करी देस. पोरीसले शाळामा लयी जाई." मी तिला चालू करून देतो, ती पोरींना शाळेत नेईल. एवढं बोलून ते खाली बसले आणि कपाळावरचा घाम पुसू लागले, जणू हजार माणसांपुढे भाषण केलंय.

गाडी आली ती दोराने बांधून, धुडकूमामांच्या टेम्पोमागून फरफटत. धुडकूमामा आमचे शेजारी. खात्यातलं कापड टेम्पोने बाजारात पोचवायचे आणि सकाळची शाळेची फेरी त्यांनीच मारायची असं ठरलं होतं. आता तुम्हाला मी त्या गाडीचं दर्शन घडवते. चारही टायर बसलेले. स्ट्रेचरच्या गादीत उंदरांच्या तीन पिढ्या. पुढच्या बाजूला उलट्या अक्षरांत लिहिलेलं तिचं नाव, जे वाचायला आम्ही मुली घरातला आरसा घेऊन गेलो आणि मार खाल्ला. दुसऱ्याच दिवसापासून आबा पाळीवरून आले की तिच्याखाली शिरायचे. आम्ही आठजणी तिच्यावरची ती अक्षरं पॉलिश पेपरने घासत बसायचो. बाकांना लाकूड आलं ते खात्यातल्या मोडक्या फळ्यांचं, गाद्यांत भरल्या चिंध्या, आणि वरची खोळ शिवली छपाई बिघडलेल्या साड्यांची. त्यामुळे एका बाकावर अर्धे मोर होते आणि दुसऱ्यावर नुसतेच पिसारे. सलाईन टांगायचे हूक आम्ही दप्तरांसाठी ठेवले. रंग मिळाला तो मागांना लावतात तो हिरवा. परिवहन कचेरीतल्या साहेबांनी हा रंग चालणार नाही, शाळेच्या गाडीला पिवळाच हवा, असं सांगितलं आणि आम्ही सगळी गाडी पुन्हा रंगवली. आजही माझ्या एका जुन्या फ्रॉकच्या कडेला दोन्ही रंग आहेत, हिरव्यावर पिवळा. सांगायला दुसरा पुरावा नाही, म्हणून तो फ्रॉक मी टाकत नाही.

तर गाडी सजत होती आणि माय तिच्याकडे पाहत नव्हती. पाणी भरायला जाताना ती अंगणाच्या दुसऱ्या कडेने वळसा घालून जायची. बाकीच्या बायकांनी तोंडाने सांगितलं. "मयतनी गाडी शे ती बहीण," समोरच्या रांगेतल्या सखूआजी म्हणाल्या, "तिन्हामा पोरीसले कोन बठाडी?" यावर बराच खल होऊन शेवटी बायकांनी सगळा भार मायवर टाकला. बेबीने आपली पोर बसवली तर आम्हीही बसवू, नाही तर नाही. बेबी म्हणजे माझी माय. मला तो नुसता बायकांचा टाळाटाळीचा डाव वाटला. मायला विचारलं तर तिने खड्यांवरून नजर न उचलता तळहात आडवा फिरवला. नाही. का नाही, याला खूण नव्हतीच.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगते. गाडीचा भोंगा काढून टाकला याचं त्या सोसायटीत एकट्या मला दुःख झालं होतं. मी लहानपणापासून नकलाकार. कोंबडा, गिरणीचा पट्टा, नवापूरची आत्या, सगळं मला यायचं, आणि अँब्युलन्सचा भोंगा तर मी नाक आणि घसा मिळून असा काढायची की कुत्री उत्तर द्यायची. एका दुपारी आम्ही चारजणी आत बसलो होतो. खेळ रंगला. एकीला बाकावर आडवी निजवली, ती आजारी. दुसरी तिच्या डोक्याशी. मी भोंगा. मी डोळे मिटून सुरुवात केली, खालून वर, वरून खाली, आणि डोळे उघडले तेव्हा मागच्या दाराच्या काचेपलीकडे माय होती. ती अनवाणी धावत आली होती. बोटांना खड्यांचा गोंद तसाच. दोन्ही तळवे दारावर टेकून, खांदा लावून, अंगातलं सगळं बळ एकवटून ती ते दार बाहेरून दाबत होती. दार बंदच होतं. मला वाटलं, चार वर्षांत पहिल्यांदा माय खेळात आली. मी आवाज आणखी चढवला. ती आणखी जोरात दाबू लागली. मग मला तिचे डोळे दिसले आणि मी भोंगा बंद केला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लोक मला हसवायला बोलावतात आणि भोंग्याची नक्कल करायला सांगतात, तेव्हा मी घसा बसलाय म्हणून टाळते.

सखूआजींनी तिला दारापासून सोडवून घरी नेलं. संध्याकाळी त्या डाळ निवडत बसल्या होत्या, मी जाऊन बसले. त्यांनी मला रागावलं नाही. त्यांनी फक्त सांगितलं. वंदीला दवाखान्यात नेली ती याच गाडीतून. आबा कडोदऱ्याच्या खात्यात पाळीवर. निरोप पोचायच्या आत गाडी निघाली. आत माय एकटी. एका हातात सलाईनची बाटली, मांडीवर वंदीचं डोकं. फाटकाच्या उंचवट्यावर गाडी आदळली आणि मागचं दार धाडकन उघडलं. कडी सैल होती. मायने पाय लांब करून दार पायाने अडकवलं आणि ओढून धरलं. बाजूच्या पत्र्यावर डोकं आपटून आपटून तिने ड्रायव्हरला हाक मारली, पण भोंगा सुरू होता, त्याला काही ऐकू गेलं नाही. दवाखान्यापर्यंत ती तशीच गेली. "वंदी कव्हय गयी, ते तिले माहीतच नही," सखूआजी म्हणाल्या. "ती दारकडे देखी ऱ्हायंती." वंदी कधी गेली ते मायला कळलंच नाही, ती दाराकडे पाहत होती. एवढं सांगून सखूआजी पुन्हा डाळ निवडू लागल्या. कितीतरी वेळ मीही त्यांच्या सुपातले खडे काढत राहिले.

मी आबांकडे गेले. ते गाडीखाली होते, नुसते पाय बाहेर. मी पायांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? मग खालून आवाज आला, "व्हतं."

"मग हीच कशाला घेतली, आबा?"

पाना पुन्हा फिरू लागला. "हिन्हामा काय बिघाड शे ते माले माहीत व्हतं," ते म्हणाले. "दुसरीनं काय माहीत?"

हिच्यात काय बिघाड आहे ते मला माहीत होतं. आज इतक्या वर्षांनी, माझ्या स्वतःच्या घरात दोन-चार बिघाड दुरुस्त करून झाल्यावर, मला हे वाक्य पुरतं समजलंय असं वाटतं. तेव्हा समजलं ते एवढंच की इतके दिवस रविवारी आबा गाडीखालून एक तार मागे मागे नेत होते ती कशासाठी. मागात एक सोय असते. धागा तुटला की माग आपोआप थांबतो, कारागिराचं लक्ष असो की नसो. आबांच्या लेखी जगातल्या कुठल्याही यंत्राचं हे पहिलं कर्तव्य होतं. तुटल्यावरही चालत राहील ते यंत्र कसलं. डिझेलची गाडी बंद करायला ड्रायव्हरजवळ एक तार ओढायची असते. आबांनी तिला फाटा काढून तो गाडीच्या पोटाखालून मागच्या दाराला जोडला होता. दार उघडलं की तार ओढली जाणार. तार ओढली की इंजिन बंद. भोंगा वाजत असो, ड्रायव्हर बहिरा असो, उघड्या दाराने ती गाडी पुढे जाणारच नव्हती.

पुढे मात्र जी फजिती झाली ती फक्त मागांच्या फिटरच्याच हातून होऊ शकते. माग जमिनीला बोल्ट मारून बसवलेला असतो. त्याला खड्डे लागत नाहीत, हे आबा विसरले होते. पहिल्या चाचणीला धुडकूमामा गाडी घेऊन निघाले. सोसायटीच्या तोंडाशी खड्डा आला, दार बोटभर हललं, इंजिन बंद. पुन्हा सुरू, पुन्हा खड्डा, पुन्हा बंद. पानाच्या टपरीपर्यंत जायला गाडी अकरा वेळा मेली आणि अकरा वेळा जिवंत झाली, आणि तिथे जमलेल्या मंडळींनी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवल्या. धुडकूमामा उतरून कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. "मास्तर, ही गाडी शे का नवी नवरी? जरासा धक्का लागना का रुसी जास." आबांनी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी खात्यातून चामड्याचे जाड तुकडे आणले, मागात धोट्याचा मार झेलायला असतात ते, आणि दाराच्या कडेला ठोकले. तार चार बोटं सैल केली, कडी नवी बसवली, तिच्यावर आणखी एक आडणा. मग गाडी खड्ड्यांत नुसती नाचायची, रुसायची नाही.

कानबाईचा रविवार आला. पहाटेपासून घराघरात रोटांच्या कणकेचा आणि गुळाचा वास. हे रोट फक्त घरच्या भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्या कुणाला तुकडाही द्यायचा नाही, म्हणून गहू घरातलं एकेक माणूस मोजून घेतात. माय मूठ मूठ गहू काढत होती. मला ठाऊक होतं, दुसऱ्या दिवशी देवी जाणार आणि मंगळवारी घंटेला आम्ही हजर नसलो तर हेडबाई आमची नावं कापणार. मी नकला सोडून दिल्या होत्या. कुणी विचारलं असतं तर मी नवापूरच्या पोऱ्यालाही होकार दिला असता, इतकी मी थकले होते.

सोमवारी देवीला तापीवर पोचवून सगळे परतले. ऊन उतरत होतं. आबांनी अंगणात गाडी सुरू करवली. धुडकूमामा आत, पुढे. मग आबा बॉनेटशी जाऊन उभे राहिले आणि घराच्या दाराकडे पाहून त्यांनी खात्यातली खूण केली, पाचही बोटं जवळ ओढणारी. इकडे ये. माय उंबऱ्यावर होती. पहिल्यांदा ती आली नाही. आबांनी हात खाली घेतला नाही. मग ती आली, अंगणाच्या कडेने नाही, मधून. आबांनी मागच्या दाराकडे बोट केलं आणि तळहात बाहेर उघडला.

मायने आडणा सरकवला, कडी काढली, दार उघडलं. गाडी बंद पडली. एकदम. सगळ्या अंगणात ती वीज गेल्यासारखी शांतता पसरली.

तिने दार लावलं. धुडकूमामांनी गाडी सुरू केली. तिने उघडलं. बंद. तिने पुन्हा लावलं आणि या वेळी बराच वेळ तळहात दारावर ठेवून ती उभी राहिली, इंजिनाची थरथर हातात घेत. मग तिने अगदी सावकाश, चार बोटं, पाच बोटं करत दार ओढलं, आणि नेमकं कुठे गाडी थांबते ते पाहिलं. आबा बॉनेटशी उभे. दोघांमध्ये ती अख्खी गाडी होती, त्यामुळे त्यांना एकमेकांचे हात दिसत नव्हते. काय बोलणं झालं असेल ते तिच्या तारेतूनच. माय आत गेली आणि तिने चुलीवर डाळ चढवली. ना होय, ना नाही. त्या रात्री जेवताना मी तिच्या हातांकडे एवढं पाहिलं की माझी भाकरी ताटातच राहिली.

मंगळवारी सकाळी आम्ही आठजणी वेण्या घालून अंगणात उभ्या होतो. दप्तरं होती, गाडी सुरू होती, आणि कुणीच चढत नव्हतं. दोन्ही रांगांत बायका दारादारात. सखूआजी काठी टेकून. माय घरातून बाहेर आली, पदर कंबरेला खोचलेला, माझा डबा हातात. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मागचं दार उघडलं, तशी गाडी बंद पडली. ती वाकून आत चढली आणि दाराशेजारच्या जागेवर बसली. मग डबा मांडीवर घेऊन तिने आम्हाला एकेक करून आत घेतलं, प्रत्येकीचा दंड धरून, आणि आठही आत आल्यावर दार ओढून कडी घातली. धुडकूमामांनी गाडी सुरू केली. गाडी तशीच उभी थरथरत राहिली. मामांना वाटलं, माय आता उतरेल. ते पुढच्या आरशातून तिची वाट पाहत होते. आम्ही तिच्याकडे पाहत होतो. बाहेर आबा पाहत होते, त्यांचा एक हात अर्धा वर, कुठली खूण करावी ते न सुचून. आणि चार वर्षं हातांनी बोलणारी माझी माय, नळावरच्या त्या जुन्या आवाजात, साऱ्या सोसायटीला ऐकू जाईल असं कडाडली:

"मन्हा तोंडकडे काय देखी ऱ्हायनात, धुडकूभाऊ? शाळानी घंटा मन्हासाठे थांबी का?"